जॉबसेंटरची पायरी चढण्याआधी आणि चढल्यावर

ब्रिटनमध्ये नोकरी गेली, आजारपण आलं, नवऱ्याचं घर सोडावं लागलं किंवा पगारात घरभाडं भागेनासं झालं, की सरकारी मदतीचा रस्ता बहुतेक वेळा जॉबसेंटरवरून, म्हणजे नोकरी आणि सरकारी भत्त्यांच्या कचेरीवरून, जातो. ज्यांना या रस्त्याची काहीच माहिती नाही अशा मराठी माणसांसाठी हा लेख आहे. अशा कुणाच्या सोबतीला जाणाऱ्यांनीही तो वाचावा. इथली माहिती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सची आहे. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा चालतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. अडचणीतल्या माणसासाठी या व्यवस्थेत सवलती बऱ्याच आहेत. दुभाषी मिळतो, घरी माणूस येऊ शकतो, नोकरी शोधण्याच्या अटी शिथिल होतात, पैसे महिन्यातून दोनदा मिळू शकतात. पण यातलं काहीही आपोआप होत नाही. मागावं लागतं, कारण सांगावं लागतं आणि शक्यतो लेखी सांगावं लागतं. घरातली गोष्ट चारचौघांत न्यायची नाही, ही आपली सवय इथे महागात पडते. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत हे तुम्ही सांगितलंच नाही, तर जॉबसेंटरच्या लेखी तुम्ही ठणठणीत आहात आणि आठवड्याला ३५ तास नोकरी शोधू शकता.

आधी व्हिसा तपासा

भारतातून अलीकडे आलेल्या बहुतेकांच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते. नोकरीचा व्हिसा असो, विद्यार्थ्याचा असो की जोडीदाराचा, अट साधारण सारखीच. याचा अर्थ युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, पेन्शन क्रेडिट असे सरकारी भत्ते (इथे त्यांना बेनिफिट म्हणतात) किंवा काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, घर अशा गोष्टींसाठी अर्ज करायचा नाही. केला आणि पैसे मिळाले, तरी पुढे व्हिसा वाढवताना किंवा कायम वास्तव्याचा अर्ज करताना ते अंगाशी येतं. त्यामुळे कुठलाही फॉर्म भरण्याआधी आपला ई-व्हिसा, म्हणजे व्हिसाची ऑनलाइन नोंद, उघडा आणि त्यावरच्या अटी नीट वाचा. कायम वास्तव्य, म्हणजे इथे सगळे ज्याला आयएलआर म्हणतात ते, किंवा ब्रिटिश नागरिकत्व असेल तर ही अट तुम्हाला लागू नाही. अपवाद म्हाताऱ्या आईवडिलांचा. मुलामुलीनं पाच वर्षं सांभाळण्याची लेखी हमी देऊन त्यांना कायमचं बोलावून घेतलं असेल, तर तेवढी वर्षं त्यांना बेनिफिट सहसा मागता येत नाहीत.

अट आहे म्हणून सगळीच दारं बंद होत नाहीत. तुमच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला गेला असेल, तर त्या वर्गणीवर मिळणारे भत्ते 'पब्लिक फंड्स'मध्ये मोडत नाहीत. नोकरी गेल्यावरचा 'न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स', आजारपणातला 'न्यू स्टाइल ईएसए', मालकाकडून मिळणारा स्टॅच्युटरी सिक पे आणि मॅटर्निटी अलाउन्स हे सगळे 'पब्लिक फंड्स' नसलेल्या भत्त्यांत येतात. मात्र ज्याचा व्हिसाच नोकरीला बांधलेला आहे, त्यानं नोकरी गेल्यावर आधी व्हिसाचा सल्ला घ्यावा, कारण व्हिसाची मुदत कमी होण्याची टांगती तलवार असते.

कुटुंबाच्या मार्गानं आलेल्या माणसावर उपासमारीची वेळ आली, तर ही अट काढून टाकण्यासाठी होम ऑफिसकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मंत्रालयाकडे, अर्ज करता येतो. घरात लहान मुलं असतील आणि खायला-राहायला काही उरलं नसेल, तर इंग्लंडमध्ये १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम १७ खाली काउन्सिलवर त्या मुलांची जबाबदारी येते. आईवडिलांचा व्हिसा कुठला, यावर ती अवलंबून नसते. हे कलम काउन्सिलच्या दारात तुम्हाला स्वतःच नाव घेऊन सांगावं लागू शकतं, म्हणून लक्षात ठेवा.

नवरा ब्रिटिश आणि बायको नुकतीच पुण्याहून जोडीदाराच्या व्हिसावर आलेली, अशी जोडपी आपल्यात पुष्कळ. अशा वेळी ज्याला हक्क आहे तो अर्ज करू शकतो, पण रक्कम एकट्या माणसाची मिळते. जोडीदाराची कमाई आणि बचत मात्र हिशेबात धरली जाते. अर्जात जोडीदार दाखवायचाच आणि त्याला बेनिफिटचा हक्क नाही हेही स्पष्ट सांगायचं. लपवलं तर दोघंही अडकतात.

स्विंडन, साउथहॉल, लेस्टर या भागांत पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे 'सेटल्ड स्टेटस', म्हणजे युरोपियन युनियनच्या नागरिकांना मिळालेला कायम वास्तव्याचा दर्जा, असेल तर प्रश्न नाही. 'प्री-सेटल्ड', म्हणजे त्याआधीचा मुदतीचा दर्जा, असेल तर तेवढ्यानं भागत नाही. नोकरी करतोय किंवा करत होतो, असा राहण्याच्या हक्काचा आणखी आधार दाखवावा लागतो. तो नसेल आणि माणूस अगदीच निराधार असेल, तर २०२३ मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं दिलेल्या एका निकालाचा आधार घेता येतो. अशा प्रकरणात एकट्यानं अर्ज करू नका, सल्लागार गाठा.

काही वर्षं भारतात राहून परतलेल्या ब्रिटिश नागरिकालाही 'हॅबिच्युअल रेसिडन्स टेस्ट'ला सामोरं जावं लागतं. आता हाच तुमचा मुक्कामाचा देश आहे हे दाखवायचं असतं. घराचा करार, मुलांच्या शाळेतला प्रवेश, जीपीकडची (म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडची) नोंदणी, तिकडची नोकरी सोडल्याचं पत्र, असे कागद जमा करून ठेवा.

व्हिसाविषयीचा सल्ला व्हॉट्सॲप ग्रुपवर घेऊ नये, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. इमिग्रेशनचा सल्ला देणारा माणूस वकील तरी असावा लागतो किंवा 'इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी'कडे नोंदलेला तरी. नोंदणीशिवाय असा सल्ला देणं इथे गुन्हा आहे. शेजारच्या काकांचं काम झालं म्हणून तुमचंही तसंच होईल असं नसतं, कारण त्यांचा व्हिसा वेगळा असतो.

अर्ज कशाचा करायचा

कामाच्या वयातल्या माणसासाठी मुख्य बेनिफिट म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट. २०१३ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइन इथून ते सुरू झालं आणि जुन्या सहा बेनिफिटांची जागा त्यानं घेतली. त्यात घरभाड्याचा, मुलांचा, आजारपणाचा, दुसऱ्याची सेवा करण्याचा असे भाग जोडले जातात. नोकरी चालू असून पगार तुटपुंजा असेल तरी ते मिळू शकतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. २०२५-२६ मध्ये पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या एकट्या माणसाची मूळ रक्कम महिन्याला ४००.१४ पौंड होती. दर एप्रिलमध्ये दर बदलतात.

काउन्सिल टॅक्समधली सूट युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये येत नाही. तिचा अर्ज काउन्सिलकडे वेगळा करायचा असतो. तो राहून जातो आणि मग थकबाकीची पत्रं येतात. पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी युनिव्हर्सल क्रेडिट नसून पेन्शन क्रेडिट आहे. त्याचा फोन नंबर ०८०० ९९ १२३४.

अर्ज भरणं

अर्ज ऑनलाइन असतो. gov.uk वर खातं उघडायचं आणि खातं उघडल्यापासून २८ दिवसांत अर्ज पूर्ण करून पाठवायचा. मुदत उलटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पैसे अर्ज पाठवल्याच्या दिवसापासून मोजले जातात, म्हणून कागद जमायची वाट बघत आठवडे घालवू नका. आधी अर्ज पाठवा, राहिलेले कागद मागून द्या. आजारपणासारख्या मोजक्या कारणांसाठी मागच्या तारखेपासून पैसे मागता येतात, तेही जास्तीत जास्त एका महिन्याचे.

हाताशी ठेवायच्या गोष्टी म्हणजे बँक खात्याचा तपशील, ईमेल, फोन, नॅशनल इन्शुरन्स नंबर, घराचा करार आणि भाड्याचा आकडा, पगाराच्या स्लिपा, बचतीचा हिशेब आणि ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे तुमचा व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन तपासू देणारा कोड. नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोघांची खाती वेगळी उघडतात आणि एका कोडनं जोडली जातात.

संगणक जमत नाही, डोळ्यांना दिसत नाही, इंग्रजी वाचता येत नाही? मग फोनवरून अर्ज करता येतो. युनिव्हर्सल क्रेडिटची हेल्पलाइन ०८०० ३२८ ५६४४, कॉल फुकट. समोरचा माणूस सवयीनं ऑनलाइन करा म्हणेल. तेव्हा गप्प बसून फोन ठेवू नका. ऑनलाइन का जमत नाही ते सांगा आणि फोनवरच अर्ज घ्या म्हणा. जॉबसेंटरमध्ये लोकांसाठी संगणक ठेवलेले असतात, पण ज्याला माउस धरता येत नाही त्याला नुसता संगणक दाखवून उपयोग नाही. शेजारी माणूस बसायला हवा. तशी मदत मागा. घराबाहेरच पडता येत नसेल तर डीडब्ल्यूपीचा, म्हणजे हे खातं चालवणाऱ्या मंत्रालयाचा, अधिकारी घरी येऊ शकतो. येताना तो ओळखपत्र दाखवतो. न दाखवणाऱ्याला घरात घेऊ नका.

अर्जापासून पहिले पूर्ण पैसे मिळेपर्यंत हात धरून नेणारी मोफत सेवाही आहे. सिटिझन्स ॲडव्हाइस ही संस्था २०१९ पासून 'हेल्प टू क्लेम' या नावानं ती देते. इंग्लंडसाठी नंबर ०८०० १४४ ८४४४. ही संस्था सरकारी नाही, तुम्ही काय सांगितलं ते डीडब्ल्यूपीला परस्पर कळवत नाही. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मी इथूनच सुरुवात करायला सांगते.

पहिले पाच आठवडे

अर्ज केल्यावर पहिले पैसे हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात. एक महिना हिशेबाचा आणि वर सात दिवस. शिल्लक नसलेल्या घराला हा काळ फार जड जातो. यावर उपाय म्हणून 'ॲडव्हान्स' मिळतो. पण ते कर्ज आहे, जास्तीची मदत नव्हे. व्याज नसतं, मात्र पुढच्या २४ महिन्यांत ते तुमच्याच पैशांतून कापलं जातं. पूर्ण महिन्याएवढी उचल देऊ करतात. गरज तेवढीच घ्या. २०२५ च्या एप्रिलपासून अशा कपातींना साधारणपणे मूळ रकमेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आधी ती २५ टक्के होती.

भाडं थकणार असेल तर घरमालकाला लगेच कळवा. क्लेम (बेनिफिटचा अर्ज) चालू आहे हे त्याला जर्नलच्या, म्हणजे ऑनलाइन खात्यातल्या संदेशांच्या पानाच्या, स्क्रीनवर दाखवता येतं. खायलाच नसेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस, जीपी किंवा शाळा फूड बँकेची चिठ्ठी देऊ शकतात. कर्ज नसलेली तातडीची मदत स्कॉटलंडमध्ये 'स्कॉटिश वेल्फेअर फंड', वेल्समध्ये 'डिस्क्रिशनरी असिस्टन्स फंड' आणि इंग्लंडमध्ये काउन्सिलकडून मिळते. फूड बँकेच्या रांगेत उभं राहण्यात कमीपणा नाही. आपल्या लोकांना हे पाऊल उचलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तोवर मुलं अर्धपोटी राहतात.

जॉबसेंटरमधली पहिली भेट

दारात सुरक्षारक्षक असतो. तो नाव आणि अपॉइंटमेंटची वेळ विचारतो, यादीत बघतो आणि बसायला सांगतो. आत मोकळ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, प्रत्येक टेबलाशी एक वर्क कोच, म्हणजे तुमचा क्लेम पाहणारी जॉबसेंटरची अधिकारी. भेट कधी कधी जेमतेम दहा मिनिटांची असते. शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येतं, म्हणजे तुमचंही कुणाला तरी ऐकू जातं. गर्भपात, मारहाण, मानसिक आजार अशा गोष्टी तिथे बोलणं कठीण. वेगळी खोली हवी असं सरळ सांगा. ती मागायला कारण द्यावं लागलं तर 'खासगी बाब आहे' एवढं पुरतं.

या भेटीत तुमची ओळख तपासतात आणि 'क्लेमंट कमिटमेंट' नावाचा करार होतो. दर आठवड्याला तुम्ही काय काय कराल, ते त्यात लिहिलेलं असतं. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. तुम्हाला शक्य नसलेल्या गोष्टी त्यात असतील तर मान हलवून सही करू नका. वर्क कोच माणूस म्हणून चांगली असेल, पण तिच्यापुढच्या स्क्रीनवर जे लिहिलंय तेच नंतर तुमच्यावर लागू होतं. बदल तिथल्या तिथे मागा. एक वर्षाखालचं मूल सांभाळणाऱ्या पालकावर कामाची कुठलीच सक्ती नाही. मूल एक वर्षाचं झालं की फक्त मुलाखतीला जायचं, दोन वर्षांचं झालं की कामाची तयारी, आणि तीन वर्षांचं झाल्यावर कामाच्या अटी येतात. गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाची आठवड्याला ३५ तास सेवा करणाऱ्यावरही कामाची सक्ती नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि सगळं सूनच करते, असं घर असेल तर सुनेनं हे आवर्जून सांगावं. आपण याला सेवा म्हणून मोजतच नाही, घरचं काम म्हणून सोडून देतो.

पोहोचायचं कसं, हाही प्रश्न असतो. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ग्लासगोतल्या १६ जॉबसेंटरांपैकी ८ बंद करण्याचा प्रस्ताव आला, आणि पुढे देशभर अनेक ठिकाणची जॉबसेंटरं बंद झाली किंवा एकमेकांत मिसळली. त्यामुळे दोन बस बदलून जाणारे लोक आहेत. पायाला त्रास असेल, पॅनिक अटॅक येत असतील, मुलाला शाळेतून आणायची वेळ असेल, तर भेट फोनवर घ्या किंवा वेळ बदला, अशी विनंती करता येते. अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्या माणसासाठी असे 'रीझनेबल ॲडजस्टमेंट' करणं हे २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार जॉबसेंटरचं कर्तव्य आहे. कोण मेहरबानी करतंय असं समजून मागू नका. प्रवासखर्चाबद्दलही विचारा. मुलाखतीला जायचं भाडं, कपडे, पाळणाघराची पहिली फी अशा गोष्टींसाठी वर्क कोचकडे 'फ्लेक्सिबल सपोर्ट फंड' असतो. त्यातून पैसे देणं तिच्या मर्जीवर असतं आणि तो तुम्ही विचारल्याशिवाय ती बहुधा काढणार नाही.

भाषा आणि सोबत

फोन असो वा भेट, पहिलंच वाक्य 'मराठी इंटरप्रिटर प्लीज' असं बोला. दुभाषी फोनवर जोडला जातो, पैसे पडत नाहीत. हिंदी चालेल का असं विचारतील. तुमचं हिंदी फक्त सिनेमापुरतं असेल तर 'नाही, मराठीच' म्हणा. आजाराची आणि पैशांची बोलणी अर्धवट भाषेत होऊ नयेत. आणि दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका. आईच्या कर्जाचं, बाबांच्या दारूचं भाषांतर लेकरानं का करावं?

सोबत कुणालाही नेता येतं; मैत्रीण, भाऊ, देवळातले ओळखीचे, मंडळातले कुणी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, बाकी शहरांतही मराठी मंडळं आहेत. तिथे इंग्रजी येणारा आणि दोन तास देणारा माणूस भेटू शकतो. त्याचं काम एवढंच, की शेजारी बसायचं, काय ठरलं ते वहीत लिहायचं आणि तुम्ही घाबरून गप्प झालात तर आठवण करून द्यायची. सल्ला मात्र प्रशिक्षित माणसाकडून घ्या.

तुमच्या वतीनं दुसऱ्यानं डीडब्ल्यूपीशी बोलायचं असेल तर तुमची लेखी संमती लागते. जर्नलमध्ये त्या माणसाचं किंवा संस्थेचं नाव, तो कशात मदत करतोय आणि कुठली माहिती त्याला द्यायची, हे लिहायचं. ही संमती कायमची नसते. विषय बदलला की पुन्हा लिहा. स्मृतिभ्रंश, गंभीर मतिमंदत्व यांमुळे माणूस स्वतःचा कारभार पाहूच शकत नसेल, तर घरातल्या कुणाला तरी 'अपॉइंटी' नेमता येतं. त्यासाठी अधिकारी भेटून खातरजमा करतात.

जर्नल हीच तुमची वही

जर्नल म्हणजे ऑनलाइन खात्यातलं संदेशांचं पान. तोंडी बोललेलं हवेत विरतं, जर्नलमध्ये लिहिलेलं तारखेसकट राहतं. पुढे वाद झाला तर हेच पुरावा म्हणून उपयोगी पडतं. म्हणून भेट संपली की घरी येऊन दोन ओळी लिहा: आज अमुक वाजता भेट झाली, मला नैराश्य आहे आणि गोळ्यांमुळे सकाळी उठता येत नाही हे मी सांगितलं, भेटी दुपारी ठेवायचं ठरलं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. सोपी वाक्यं लिहा, शोभेचे शब्द नकोत.

रोज एकदा जर्नल उघडा. अपॉइंटमेंट तिथेच येते. चुकली तर 'सँक्शन' लागू शकतं, म्हणजे पैसे कापले जातात. जाता येणार नसेल तर वेळेच्या आधी कळवा, आणि चुकलीच तर त्याच दिवशी कारण लिहा. मूल तापानं फणफणलं होतं, इस्पितळात होते, पॅनिक अटॅक आला, ही योग्य कारणं आहेत. सोबत कागद जोडा.

पैसे हातात टिकत नसतील, घरात व्यसनी माणूस असेल किंवा भाडं दोन महिने थकलं असेल, तर पैसे द्यायची पद्धत बदलून मागता येते. भाडं थेट घरमालकाला, रक्कम महिन्यातून दोनदा किंवा जोडप्यात दोघांना वेगवेगळी. पहिल्या दोन गोष्टी स्कॉटलंडमध्ये नुसत्या निवडीनं मिळतात.

आजार असेल तर

पहिले सात दिवस तुमचा शब्द पुरतो. त्यानंतर जीपीकडून 'फिट नोट', म्हणजे आजारपणाचा दाखला, लागते. ती मिळाली की त्याच दिवशी जर्नलमध्ये नोंदवा. आजारपणाच्या जादा रकमेसाठीचा तीन महिन्यांचा काळ तिच्यापासून मोजला जातो, त्यामुळे उशीर म्हणजे पैशांचं नुकसान. फिट नोटा सलग हव्यात, मध्ये खंड नको.

पुढे 'यूसी५०' हा फॉर्म येतो आणि मग 'वर्क केपेबिलिटी असेसमेंट', म्हणजे तुम्ही कितपत काम करू शकता याची तपासणी, होते. फॉर्म एकट्यानं भरू नका. आपण मराठी माणसं डॉक्टरलाही 'तसं बरं आहे' म्हणतो. इथे तसं लिहिलंत तर तेच खरं धरलं जाईल. तुमचा वाईट दिवस कसा असतो ते लिहा. जिना चढता येतो का, यावर नुसतं 'हो' नको. चढल्यावर दहा मिनिटं बसावं लागतं का, दिवसात किती वेळा जमतं, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येतं का, हे सगळं लिहा. पाठवण्याआधी प्रत काढून ठेवा. निकालाची वाट बघण्याच्या काळातही कमिटमेंटच्या अटी कमी करायचा अधिकार वर्क कोचला असतो. तेही मागायचं. २०२६ च्या एप्रिलपासून नव्या अर्जदारांसाठी आजारपणाची जादा रक्कम पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे. अतिशय गंभीर, बरे न होणारे आजार आणि आयुष्याचे थोडे दिवस उरलेले रुग्ण यांना त्यातून वगळलं आहे. आयुष्य बारा महिन्यांपेक्षा कमी उरलं असेल तर डॉक्टरकडून 'एसआर१' फॉर्म घ्या, सगळं लवकर होतं.

घरात मारहाण होत असेल तर

नवऱ्याला तुमच्या जर्नलचा पासवर्ड माहीत असेल तर यातलं काहीही जर्नलमध्ये लिहू नका. जॉबसेंटरमध्ये प्रत्यक्ष जा, वेगळी खोली मागा आणि तिथे सांगा. किंवा मैत्रिणीच्या फोनवरून नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइनला फोन करा: ०८०८ २००० २४७. चोवीस तास, फुकट, दुभाषी मिळतो. मारहाण म्हणजे फक्त हात उगारणं नव्हे. पगार काढून घेणं, पासपोर्ट लपवणं, माहेरी फोन करू न देणं हेही कायद्यानं अत्याचारच.

जॉबसेंटरला कळवल्यावर कामाच्या सगळ्या अटी १३ आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. मुलांचा सांभाळ तुमच्याकडे असेल तर आणखी १३. घटना सहा महिन्यांच्या आतली हवी, आणि पुरावा म्हणून जीपी, समाजसेवक, निवारा किंवा पोलिसांचं पत्र महिनाभरात द्यायचं.

जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बाईला वाटतं, घर सोडलं तर व्हिसा गेला आणि पैसेही नाहीत. तिच्यासाठी 'मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन' आहे. त्यात तीन महिन्यांची परवानगी मिळते आणि त्या काळात युनिव्हर्सल क्रेडिट मागता येतं. ब्रिटिश किंवा आयएलआर असलेल्या माणसाच्या पत्नीला याच काळात कायम वास्तव्याचा अर्जही करता येतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसांच्या जोडीदारांनाही हे तीन महिने मिळू शकतात, पण त्यांच्यासाठी पुढचा कायम वास्तव्याचा रस्ता तसा खुला नाही आणि हातातला व्हिसाही जातो. त्यामुळे अर्ज करण्याआधी वकिलाशी बोलणं अत्यंत गरजेचं.

भारतातले पैसे, भारतात जाणं

एकट्याची किंवा जोडप्याची बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. ६,००० पर्यंतची मोजत नाहीत. मधल्या रकमेसाठी दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड कमी होतात. यात भारतातली बचतही धरली जाते. बँकेतली एफडी, म्युच्युअल फंड, गावची जमीन, नावावरचा फ्लॅट, सगळं सांगायचं. वडिलांबरोबरच्या जॉइंट खात्यात नाव नुसतं सोयीसाठी घातलं असेल आणि पैसे वडिलांचे असतील, तर तेही कागद दाखवून सांगा. तुमच्या नावच्या फ्लॅटमध्ये पेन्शनच्या वयाचे आईवडील राहत असतील, तर तो फ्लॅट हिशेबातून वगळला जाऊ शकतो. सांगून वगळून घेणं आणि लपवणं यांत फार फरक आहे. लपवलेलं उघडकीला आलं की पैसे परत मागतात, दंड होतो, खटलाही भरतात.

देशाबाहेर एका महिन्यापर्यंत राहिलं तर क्लेम चालू राहू शकतो, पण जाण्याआधी कळवायचं आणि कामाच्या अटी चालूच असतात. बाहेर असताना जवळचं माणूस गेलं आणि महिन्याच्या आत परतणं शक्य नसेल, तर आणखी एक महिना मिळू शकतो. विमानतळावरून का होईना, जर्नलमध्ये लिहा. तेरावा उरकून परतल्यावर सांगू, असं करू नका.

पैसे कापले किंवा नकार आला तर

निर्णय मान्य नसेल तर पत्राच्या तारखेपासून एका महिन्यात 'मँडेटरी रिकन्सिडरेशन', म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा. जर्नलमधून, फोनवर किंवा पत्रानं मागता येतं. निर्णय का चुकला ते मुद्द्यानं लिहा, पुरावा जोडा. महिना उलटला असेल तरी आजारपणासारखं सबळ कारण असल्यास तेरा महिन्यांपर्यंत विचार होऊ शकतो. सँक्शनमुळे जेवणाची आणि विजेची भ्रांत पडली तर 'हार्डशिप पेमेंट' मागा; तेही नंतर परत फेडावं लागतं.

तिथेही नकारच आला तर पुढच्या एका महिन्यात ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, अपील करायचं. ऑनलाइन किंवा 'एसएससीएस१' या फॉर्मवर. फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि ट्रायब्युनल डीडब्ल्यूपीच्या अखत्यारीत येत नाही. सुनावणी मागा, तुम्हाला समोर बघून, ऐकून घेऊन निर्णय होणं केव्हाही चांगलं. फॉर्ममध्ये दुभाषी हवा का, असा प्रश्न असतो. तिथे मराठी लिहा.